छोटा कुत्रा घरभर सू का करतो

पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा पाळणारे लोक हमखास म्हणतात की आमचं पिल्लू भारी हट्टी आहे, मुद्दाम सोफ्यामागे जाऊन सू करतं. मुद्दाम वगैरे काही नसतं हो. कुत्र्याच्या अंगात दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 40 मिली लघवी तयार होते, म्हणजे 3 किलोच्या कुत्र्याची अख्ख्या दिवसाची 60 ते 120 मिली, आणि ती पण चार-सहा वेळात विभागलेली. लॅब्रॅडॉरने घरात केलं की खोलीभर पाणी, आरडाओरडा, आणि त्याच दिवशी ट्रेनिंग सुरू. छोट्याचं मात्र सोफ्यामागे वाळूनसुद्धा जातं, कुणाला पत्ता नाही, आणि दिसलं तरी टिश्यूने पुसायचं आणि "जाऊ दे, बाळ आहे ते". पण सू झाल्यावर मोकळं वाटतं ना, तेच पिल्लाचं बक्षीस, त्यामुळे तुम्हाला न दिसलेली प्रत्येक सू म्हणजे चुकीच्या जागेची एक प्रॅक्टिस. माझ्या मते छोट्या जातींचा खरा घोळ इथेच आहे, छोटं ब्लॅडर म्हणजे मूत्राशय हे कारण नंतर.

जन्मलेल्या पिल्लाला तर स्वतःहून सू येतच नाही, आईने चाटलं की होते. तीनेक आठवड्यांनी ते आपलं आपण करायला लागतं आणि झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करतं, आणि मग 7 ते 9 आठवड्यांच्या आसपास पायाखाली जे लागतं त्याची आवड पक्की व्हायला लागते. म्हणून सू शोषून घेणाऱ्या पॅडवर वाढलेलं पिल्लू पायपुसण्यावर नाहीतर योगा मॅटवर बिनधास्त बसतं, त्याच्या पायाला ते सगळं सारखंच मऊ. पॅड की बाहेर, एकच काय ते ठरवा आणि बाकीची मऊ जाजमं काही दिवस उचलून ठेवा.

वेळेचा ढोबळ हिशोब म्हणजे जितके महिने वय तितके तास, दोन महिन्यांचं असेल तर दोन तास, छोट्या जातीत त्याहून कमीच धरा. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर तर न्यायचंच, पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलायला लागतात. ट्रीट तिथेच, झाल्या झाल्या एक-दोन सेकंदात द्यायची, घरी येऊन दिली तर ती घरी आल्याची होते.

ओरडून काय होतं? पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर करायचं नाही, मग बाहेर पट्ट्यावर तासभर फिरवा, नाहीच करणार, आणि घरात आलं की पलंगाखाली. आणि तो अपराधी चेहरा? कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 च्या अभ्यासात दाखवलं की तो चेहरा मालक रागावल्यामुळे येतो, कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही.

फिनाईलने पुसलं की आपल्याला सूचा वास येत नाही, पण कुत्र्याला येतो. एन्झाइमवालं क्लीनर वापरा, अमोनियावालं नको, लघवी कुजल्यावर अमोनियाच सुटतो. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, जुने डाग चमकतात, आणि कुठे कुठे निघतील सांगता येत नाही.

एक मात्र आहे, नीट शिकलेला कुत्रा अचानक घरात करायला लागला, सारखी थेंब थेंब होतेय किंवा लघवीत रक्त दिसतंय तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि सरळ व्हेटकडे न्या, इन्फेक्शन असू शकतं आणि शिह त्झूसारख्या जातीत मूतखडेही बऱ्यापैकी होतात.