बिनक्लच गाडी चालवणे

हाताने गिअर टाकायच्या मोटारीत क्लचचे पेडल न वापरता गाडी सुरू करणे, गिअर बदलणे आणि थांबवणे, याला बोलीत ‘बिनक्लच चालवणे’ म्हणतात. क्लचची वायर तुटली, किंवा हायड्रॉलिक क्लचचे तेल गळून पेडल खाली बसले, की गॅरेजपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग. मराठवाड्यात दोन मोठ्या गावांच्या मधे बराच वेळ नुसती कापूस-सोयाबीनची राने लागतात. तिथे वायर तुटली तर टोचन करून न्यायला दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून काळीपिवळी जीप, टेम्पो आणि जुन्या मोटारी चालवणाऱ्यांना ही कला येते. कोणी शिकवत नाही. पहिल्यांदा वायर तुटते त्या दिवशी ती शिकावी लागते.

क्लच नसेल तर गिअर बदलताच येणार नाही, हा समज चुकीचा आहे. क्लच खरा लागतो तो उभी गाडी हलवताना आणि चालती गाडी इंजिन बंद न पाडता थांबवताना. चालत्या गाडीत गिअर बदलताना तो सोय करतो, एवढेच. त्यामुळे बिनक्लच चालवणाऱ्याची खरी परीक्षा गिअर बदलण्यात नसते. मधे कुठे थांबावे लागू नये, यात ती असते.

इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, क्लचप्लेट प्रेशर प्लेटने दाबून धरलेली असते. पेडल दाबले की प्रेशर प्लेट मागे सरते, प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा गिअरपेटीशी संबंध तुटतो. आजच्या गिअरपेटीत पुढच्या गिअरांच्या चाकांचे दात एकमेकांत कायम अडकलेले असतात. गिअर ‘पडतो’ तेव्हा एक स्लीव्ह, म्हणजे दांड्यावरची सरकती कडी, सरकून चाकाच्या बाजूच्या छोट्या दातांवर बसते. स्लीव्ह आणि चाक यांची गती सारखी असेल तर ती विनासायास बसते, नसेल तर खरखरते. ही गती जुळवायला मधे बहुधा पितळेची रिंग असते, हेच सिंक्रोमेश. १९२८ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारींत ती प्रथम विक्रीला आली. क्लच दाबलेला असताना या रिंगेला फक्त क्लचप्लेट आणि गिअरपेटीतला एक दांडा यांची गती बदलावी लागते. क्लच दाबला नाही तर अख्खे इंजिन तिच्या गळ्यात पडते, आणि ते तिला झेपत नाही. म्हणून रिंगेचे काम चालकाने रेस कमी-जास्त करून स्वतःच करायचे असते.

गिअर काढणे सोपे आहे. गाडी ओढत असते तेव्हा दातांवर ताण असतो आणि दांडी जागची हलत नाही. रेस थोडी सोडली की इंजिन गाडीला ओढतही नाही आणि रोखतही नाही असा एक क्षण येतो. तेवढ्यात दांडी दोन बोटांनी न्यूट्रलला येते. जोर लावावा लागला तर तो क्षण हुकला असे समजून पाय पुन्हा हलवायचा.

गिअर घालताना थोडा हिशेब लागतो. समजा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर, म्हणजे गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, १.४ आणि चौथ्याचे १ आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ते २००० हवेत. म्हणजे न्यूट्रलला आल्यावर फेरे २०००पर्यंत उतरू द्यायचे आणि तोवर दांडी चौथ्याच्या तोंडाशी अगदी हलकी टेकवून ठेवायची. गती जुळली की ती आपोआप आत जाते. जुळायच्या आत ढकलली तर खरखर होते. उशीर झाला तर फेरे फार खाली गेलेले असतात आणि रेसचा हलका झटका देऊन ते वर आणावे लागतात. खालच्या गिअरला येताना हेच उलट करायचे: न्यूट्रलला आणायचे, रेस देऊन फेरे वाढवायचे, मग दांडी टाकायची. चौथ्यात १५०० फेरे असतील तर तिसऱ्याला २१०० लागतील. फेरे दाखवणारा काटा बऱ्याच जुन्या गाड्यांत नसतो, तिथे कान लागतो. ‘गाडी गिअर मागते’ असे चालक म्हणतात ते या आवाजावरूनच. डिझेल इंजिनाचे फ्लायव्हील जड असल्याने फेरे हळू उतरतात, म्हणून तिथे जास्त धीर धरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, म्हणजे रेसचे पेडल वायरने न जोडलेल्या, काही नव्या गाड्यांत पाय काढल्यावरही फेरे थोडा वेळ वरच रेंगाळतात. जुन्या जीपवर हात बसलेला माणूस अशा गाडीत पहिल्यांदा हमखास चुकतो.

वायर बीड जिल्ह्यातल्या केजच्या बाजारात तुटली आणि गाडी बीडला न्यायची आहे, असे समजू. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा आणि सेल्फ मारायचा. स्टार्टरची मोटर आधी गाडीलाच ओढते, दोन-चार हात पुढे गेल्यावर इंजिन पकडते आणि गाडी झटका देऊन निघते. त्या वेळी समोर माणूस, हातगाडी किंवा म्हैस असता कामा नये. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागणाऱ्या बहुतेक गाड्यांतही हे जमते, कारण त्यांचा स्विच पेडलवर असतो. पेडल खाली गेले की वायर तुटलेली आहे हे त्याला कळत नाही. सपाटीवर आणि रिकाम्या गाडीला हे दोन-तीनदा निभते. चढावर किंवा माणसे भरलेली असताना स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही दमतात. दुसरा मार्ग धक्क्याचा: इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवायचे, चौघांनी ढकलून गाडीला भरभर चालण्याइतका वेग द्यायचा आणि मग पहिला गिअर टाकायचा. स्टार्टरचा जीव वाचतो, पण ढकलणाऱ्यांना मागून पळत येऊन बसावे लागते.

वाटेतले नेकनूर जाईपर्यंत दुसरा-तिसरा गिअर पुरतो. गतिरोधक दुसऱ्यात, रेस पूर्ण सोडून ओलांडायचे. पुढे वाहने अडकलेली दिसली तर त्यांच्या पाठीला जाऊन थांबायचे नाही. लांबूनच वेग उतरवून रांग हलेपर्यंत पहिल्या गिअरात रांगत राहायचे. थांबणे टळतच नसेल तर गाडी चालती असतानाच न्यूट्रलला काढून ब्रेक लावायचा.

मांजरसुंब्यानंतर बालाघाटाच्या डोंगरावरून बीडकडे उतरणारा घाट लागतो, आणि जपायचे ते इथे. घाट सुरू होण्याआधी, सपाटीवरच खालचा गिअर टाकून घ्यायचा आणि पायथ्यापर्यंत तो बदलायचा नाही. उतारावर न्यूट्रलला आलेल्या गाडीचा वेग वाढत जातो, त्या वेगाला जुळणारे फेरेही वाढत जातात, आणि घाबरलेल्या हाताला मग एकही गिअर सापडत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात इंजिन बंद पडले तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. ज्याला गिअर जुळवणे नीट जमत नाही, त्याने गाडी घाटाच्या वरच उभी करावी. यात कसली नामुष्की नाही.

हा उपाय क्लच ‘सुटत’ नसेल तेव्हाच चालतो. प्लेट झिजून क्लच ‘धरत’ नसेल, म्हणजे रेस दिल्यावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, तर बिनक्लच चालवून काही मिळत नाही; तिथे टोचनच करावे लागते. फाट्याफाट्यावर थांबणाऱ्या आणि अर्ध्या क्लचवर चढणाऱ्या काळीपिवळीत बहुधा हीच तक्रार असते. तुटलेल्या वायरीचे काम त्या मानाने किरकोळ. जाणते चालक जादा वायर आणि दोन पाने सीटखाली ठेवूनच निघतात, आणि खरे शहाणपण तेच.

जुळवून टाकलेल्या गिअरने गिअरपेटीचे फारसे बिघडत नाही. न जुळवता दामटलेल्या गिअरने पितळी रिंगा झिजतात, दातांच्या कडा बोथट होतात, आणि पुढे क्लच दाबूनही गिअर खरखरत पडतो. एखादा प्रवास असा झाला म्हणून काळजी नको. रोज हौसेने असे चालवणारे मात्र वायरीच्या किमतीचे काम गिअरपेटीच्या खर्चावर नेतात.

जड वाहनांत ही युक्ती जुनी आहे. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळच्या जड गाड्यांच्या गिअरपेटीत सिंक्रोमेश नसे. चालक ‘डबल क्लच’ मारत: एकदा क्लच दाबून न्यूट्रल, सोडून रेस, पुन्हा दाबून गिअर. रेसचे हे गणित हाताला बसले की क्लच दाबला काय, न दाबला काय, फरक थोडाच उरतो. उत्तर अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकांत सिंक्रोमेश नसलेल्या गिअरपेट्या पुढेही वापरात राहिल्या. तिथले अनेक चालक सुरुवातीला आणि थांबताना क्लच वापरून मधले सगळे गिअर तसेच बदलतात.

दुचाकीवर तर हे रोज घडते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आणि मोटरसायकल घराघरांत आहे. तिच्यावर वरचा गिअर टाकताना रेस क्षणभर मिटून पाय मारला की गिअर पडतो. तिथले दात मोकळ्या जागा ठेवून घडवलेले असतात, फिरणारा भाग हलका असतो आणि गिअर एकापुढे एक क्रमानेच येतात, म्हणून चूक सहसा होत नाही.

मोटारींत आता पेडलच काढून टाकण्याकडे कल आहे. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरपेटी नेहमीचीच असते, क्लच आणि दांडी मात्र यंत्र हलवते. २०२०च्या ह्युंदाई व्हेन्यूमधील आयएमटीत (इंटेलिजंट मॅन्युअल ट्रान्समिशन) दांडी चालकाच्या हाती राहिली; ती हलवू लागताच यंत्र क्लच सोडवते. एएमटीची गाडी वेग घेताना मधेच क्षणभर मान टाकल्यासारखी करते. त्या वेळी यंत्राने रेस काढून दातांवरचा ताण सोडवलेला असतो. वायर तुटलेल्या जीपमधला चालक दोन बोटांनी हाच क्षण शोधत असतो.