शूर्पारक–गोवर्धन व्यापारमार्ग

शूर्पारक–गोवर्धन व्यापारमार्ग : कोकण किनाऱ्यावरील शूर्पारक (आजचे नालासोपारा) हे बंदर आणि नाशिकजवळचे गोवर्धन यांना थळ घाटाच्या बाजूने जोडणारा प्राचीन मार्ग. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप (पश्चिम भारतातील शक राजघराणे) यांच्या काळात तो भरभराटीस होता. नाशिकला समुद्र नाही. तरीही या बंदराच्या पाठीशी उभ्या असलेल्या पेढ्या, कारागीर आणि दानशूर माणसे यांची ओळख पटते ती सोपाऱ्याच्या खाडीवर नव्हे, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरातील शिलालेखांत.

नाशिकप्रमाणे पैठणही गोदावरीवरच आहे. त्यामुळे नदीच्या अंगाने वर आलेल्या मालाला घाट उतरण्याआधी नाशिक-गोवर्धन हा सोयीचा मुक्काम होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत सोपारा व कल्याण या बंदरांची नावे आहेत. तेरचे सुती कापड आणि पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला जात, असेही तीत म्हटले आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदरांवरील ताब्यासाठी सातवाहन व क्षत्रप यांच्यात किती चुरस होती, हे यावरून कळते.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेणे क्र. १० मधील लेख या मार्गाच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन होत. भरुकच्छ (भडोच), दशपूर (आजचे मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणा, पारादा, दाहनुका अशा नद्यांवर होड्यांनी पार होण्याची फुकट सोय केली आणि काठांवर पाणपोया घातल्या. सोपारा ते भडोच या किनारी वाटेवरच्या अडचणी नेमक्या कुठे होत्या, हे या यादीतून दिसते.

त्याच्या ठेवीचा तपशील तर आजच्या बँकेच्या पावतीइतका चोख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे ठरले होते. हिशेब काटेकोर जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून रीतसर नोंदवला गेला. राजघराण्यातील माणूस कोष्ट्यांच्या हाती कायमची ठेव सोपवतो, यावरून त्या श्रेणींची पत केवढी होती ते ध्यानात येते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातही नाशिकच्या श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्या गेल्या. त्यांत तेली होते, तसेच पाण्याची यंत्रे करणारेही.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला आहे. राज्य बदलले, पण तीच चांदी बाजारात फिरत राहिली.

राजांखेरीज सामान्यांचेही हात या लेण्यांना लागले आहेत, आणि या मार्गाची खरी नाडी तिथेच सापडते. वीर नावाच्या व्यापारी गृहपतीने लेणे दिले. त्यातील एक ओवरी (खोली) त्याची पत्नी नंदश्री हिची, तर दुसरी मुलगी पुरुषदत्ता हिची. मुगूदास या कोळ्यानेही कुटुंबासह दान दिले आहे. उत्तरेकडील दत्तामित्री या गावाहून आलेला यवन (ग्रीक) इंद्राग्निदत्त याने लेणे क्र. १७ कोरवले.

पुढे सोपाऱ्याचे महत्त्व ओसरले आणि ठाणे, कल्याण पुढे आली. घाटवाट मात्र वापरात राहिली. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीमार्गे वर आला. मुंबई-आग्रा महामार्गही याच कसारा-इगतपुरीच्या चढावरून नाशिकला येतो.