अमृतधारा: तीन खड्यांचं पाणी कसं होतं

सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात ‘अमृतधारेचं सामान द्या’ म्हटलं की तीन पुड्या पुढ्यात येतात. कापूर, पुदिन्याची फुलं, ओव्याची फुलं. तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत समभाग घालून झाकण लावलं की काही वेळात त्यांचं तेलासारखं पातळ पाणी होतं. वरून काहीच घालावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी याच नावाचं औषध बाटलीत भरून विकायला काढलं. सर्दी, खोकला, डोकेदुखी, पोटदुखी, विंचू चावणं, सगळ्यावर एकच बाटली! विंचवाचं सोडून देऊ, सर्दीपुरतं पाहू.

आधी त्या पाण्याचं कोडं. पुदिन्याची फुलं म्हणजे मेंथॉल. ते ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला वितळतं. ओव्याची फुलं म्हणजे थायमॉल, ते ५० अंशांच्या आसपास. कापराला तर १७५ अंशांच्या वर जावं लागतं. मग २५ अंशांच्या खोलीत तिघांचं पाणी का व्हावं? मेंथॉल आणि थायमॉल यांच्या रेणूंवर हायड्रोजन देऊ शकणारा गट असतो आणि कापराच्या रेणूवर तो धरणारा ऑक्सिजन. वेगवेगळे रेणू एकमेकांना असे धरून बसले की आपापल्या स्फटिकाच्या रांगेत परत जाणं त्यांना जमत नाही आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात मीठ घालतात तेव्हा बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो, तसाच हा प्रकार. रसायनशास्त्रात याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात.

करायला सोपं आहे. प्रत्येकी ५ ग्रॅम पुरे. १५ मिलिलिटरच्या आसपास माल तयार होतो आणि घराला वर्षभर पुरून उरतो. बाटली काचेची, आतून पूर्ण कोरडी, घट्ट फिरकीच्या झाकणाची हवी. खडे जरा कुटून घ्यावेत, मोठे खडे विरघळायला वेळ लावतात. मधूनमधून बाटली हलवत राहिलं की काम लवकर होतं.

बिघडतं ते बहुधा कापरावरून. देवघरातल्या वड्यांमध्ये बांधणीसाठी दुसरी भर असू शकते. मग पाणी गढूळ होतं किंवा तळाशी साका बसतो. अशी बाटली पोटात घ्यायला तर नाहीच, अंगाला लावायलाही नको. दुसरी चूक जुन्या डबीतला कापूर वापरण्याची नव्हे, तो आधी मोजून ठेवण्याची. कापूर द्रव न होता थेट हवेत उडतो, त्यामुळे महिन्यापूर्वी मोजलेले ५ ग्रॅम आज ५ राहिलेले नसतात. प्लास्टिकची बाटली या मिश्रणाने मऊ पडू शकते. आणि आत पाण्याचा थेंब राहिला असेल तर तो वेगळाच तरंगत किंवा तळाशी पडून राहतो, मिसळत नाही.

आता मुख्य प्रश्न: नाक मोकळं होतं का? होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या रॉन एक्लस यांनी १९८०च्या दशकात मेंथॉल हुंगलेल्या माणसांच्या नाकातला हवेचा अडथळा यंत्राने मोजला. अडथळा होता तेवढाच होता, पण माणसं सांगत होती की श्वास सुटला. कारण २००२ मध्ये हाती आलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे चेतातंतूंवरचा थंडी ओळखणारा ग्राही शोधला, तोही मेंथॉलच्या मदतीने. मेंथॉल या ग्राहीला चिकटलं की गार हवा आत येतेय असा निरोप मेंदूला जातो. (दोघांना २०२१चं नोबेल मिळालं ते तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींसाठी.) सूज तशीच, शेंबूड तसाच, विषाणूही तसाच.

म्हणून हे थोतांड म्हणायचं कारण नाही. रात्री नाक चोंदल्याने झोप उडते, ती लागली तरी पुष्कळ झालं. २०१० मध्ये अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर झालेल्या चाचणीत कापूर, मेंथॉल आणि निलगिरीचा बाम छातीला चोळलेल्या मुलांची रात्र, पालकांच्या सांगण्यानुसार, नुसतं व्हॅसलीन लावलेल्यांपेक्षा बरी गेली. अंगाला चुरचुरणंही त्याच मुलांत जास्त होतं. मात्र ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाच्या धुराने सुरू झालेला खोकला असेल, तर अमृतधारा हुंगून त्याच धुरात बसणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

चोळायचं ते कधीही निव्वळ नको. २० मिलिलिटर तिळाच्या तेलात १ मिलिलिटर अमृतधारा घालावी. खोबरेल नको, कारण पौषात साताऱ्याकडे ते बाटलीतच थिजतं आणि गोळा एकीकडे, अर्क दुसरीकडे असं होतं. छाती आणि पाठ एवढ्यालाच लावावं. नाकपुडीच्या आत बोट घालायचं नाही. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखा दाह होतो. वाफेच्या पातेल्यात टाकण्यापेक्षा रुमालावर २ थेंब घेऊन हुंगणं बरं. हे पदार्थ खोलीच्या तापमानालाही उडतात, उकळत्या पाण्याची गरजच नसते, आणि भाजलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या बाबतीत पातेलं कलंडलेलं असतं.

आता पोटात घेण्याबद्दल. बत्ताशावर २ थेंब ही मोठ्यांची जुनी रीत. पण चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात आणि त्यात दीड ग्रॅमच्या आसपास कापूर असतो. एक ग्रॅमच्या आसपास कापराने लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. झटके काही मिनिटांतही सुरू होऊ शकतात. त्यामुळे मुलांना तोंडाने एक थेंबही देऊ नये, आणि २ वर्षांच्या आतल्या बाळाला छातीलाही लावू नये. बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल गेलं तर श्वास अडखळू शकतो. मुलाने बाटली तोंडाला लावलीच तर ओकारी काढत बसू नये. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर महाबळेश्वरचा मध द्यावा, तो याहून सरस. वर्षाच्या आत मधही नको, त्यातल्या बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या) जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात.

बाटली ‘विषारी’ असं लिहून कुलपात ठेवावी, कफ सिरपच्या शेजारी तर मुळीच नको. थंडीत तिच्यात पुन्हा खडे दिसले तर माल बिघडला असं नव्हे. बहुधा एखादा घटक जास्त पडलेला असतो. बाटली कोमट पाण्यात धरली की ते विरतात. गॅसवर धरू नये, कापराची वाफ पेट घेते.