मराठी डिक्टेशन अडले होते फॉण्टपाशी

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा घेते ती मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. बोलताना तोच परीक्षार्थी याच्या दुपटीपुढे सहज जातो. तरीही बोललेली मराठी ऐकून ती लिहून देणे, म्हणजे डिक्टेशन, संगणकाला जमायला २०१७ उजाडले.

सुरुवात आकड्यांपासून झाली. १९५२ मध्ये बेल लॅब्जचे 'ऑड्री' यंत्र सावकाश उच्चारलेले शून्य ते नऊ ओळखायचे. १९६२ मध्ये आयबीएमने दाखवलेल्या 'शूबॉक्स'ला १६ शब्द कळत. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात, राज रेड्डींच्या गटातल्या 'हार्पी'ने हजाराचा टप्पा गाठला: १,०११ शब्द.

खरे वळण आले ते आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटामुळे. यंत्राला व्याकरण शिकवत बसण्यापेक्षा कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो ते मोजा, हा त्यांचा हिशेब. मराठीत त्याचा अर्थ असा: 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. आधी 'प्रजासत्ताक' आले तर ऱ्हस्व, पुढे 'दुबळे' आले तर दीर्घ. यंत्र वेलांटी ऐकत नाही, शेजार पाहून ठरवते. म्हणूनच आजही एकेक सुटा शब्द सांगितला की ते जास्त चुकते आणि आख्खे वाक्य एका दमात सांगितले की कमी.

पण शेजार मोजायचा तर एकाच संकेतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देऊन, साठवलेला अफाट मजकूर हवा, आणि मराठीचे घोडे नेमके इथे अडले. मजकूर नव्हता असे नाही. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून पुण्यात आहे, 'श्रीलिपी' हे मराठी फॉण्टचे सॉफ्टवेअर काढणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीवाल्यांनी या दोघांच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकेच्या पुस्तके जुळवली. छपाई देखणी. फाइलीच्या पोटात मात्र अक्षरे नव्हती, फॉण्टमधल्या तुकड्यांचे क्रमांक होते. काना वेगळा, अर्धा 'म' वेगळा. फॉण्ट बदलला की क्रमांकही बदलले. भारतीय लिप्यांसाठी इस्कीसारखे प्रमाण संकेत ठरले होते, जगभरच्या लिप्यांच्या सामायिक संकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० ला ती कळूही लागली. छापखाने आपल्या जुन्या फॉण्टवरच राहिले. मराठीचा उशीर माइकमुळे कमी आणि या सवयीमुळे जास्त झाला, असे आमचे मत आहे.

इंग्रजीत तोवर १९९० चे ९,००० डॉलरचे 'ड्रॅगन डिक्टेट' हे डिक्टेशनचे सॉफ्टवेअर येऊन जुने झाले होते. त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. ती कटकट १९९७ च्या आवृत्तीने संपवली. २००७ च्या विंडोज व्हिस्टात डिक्टेशन संगणकाबरोबरच मिळू लागले, पण आठ भाषांत, आणि त्यांत भारतीय एकही नाही. सी-डॅकने आयबीएमच्या साथीने 'श्रुतलेखन-राजभाषा' केले, तेही हिंदीसाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आपल्या व्हॉइस टायपिंगला ३० नव्या भाषा जोडल्या, त्यांत मराठी आली. २०२१ च्या विंडोज ११ मधले व्हॉइस टायपिंगही आता मराठी घेते.

व्हिस्टाचा एक किस्सा अजून कामाचा आहे. जुलै २००६ च्या जाहीर प्रात्यक्षिकात 'डिअर मॉम'चे 'डिअर आंट' उमटले आणि पुढे सगळाच घोळ झाला. कारण निघाले माइकच्या आवाजाची पातळी भलतीच वाढण्याचे. आजही पहिली तपासणी तीच करावी: साउंड सेटिंगमध्ये इनपुटची पट्टी बोलताना शेवटाला भिडत असेल तर व्हॉल्यूम उतरवा. माइक ओठांसमोर धरू नका, थोडा बाजूला ठेवा, नाहीतर 'फ' आणि 'प'चा फुंकर आत जातो. ब्लूटूथ हेडसेट माइक चालू होताच हलक्या दर्जाच्या आवाजावर उतरतो. साधा वायरचा बरा.

विंडोज ११ मध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून मराठी भाषा जोडा, विंडोज आणि स्पेसबार दाबून मराठी कीबोर्ड निवडा, कर्सर मजकुरात ठेवा आणि मग विंडोज आणि एच दाबा. इंटरनेट लागते. कीबोर्ड इंग्रजीवर राहिला तर तुमचे मराठी ते इंग्रजी समजून ऐकते आणि अगम्य काहीतरी लिहिते. 'चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते. क्रोममधल्या गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस.

मराठीत 'पूर्णविराम' म्हटले आणि चिन्हाऐवजी तो शब्दच उमटला, तर उमटू द्या. शेवटी कंट्रोल आणि एच दाबून तो एकदम बदला, पण शोधताना शब्दाआधीची मोकळी जागाही धरा, नाहीतर प्रत्येक टिंब वाक्यापासून सुटे राहील. 'केलं' बोललात तर 'केलं'च येणार. छापील 'केले' हवे तर तसेच बोला.

आणि हा मजकूर पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छापखान्यात द्यायचा असेल तर तो युनिकोडमध्ये आहे हे आधी सांगा. तिथे थेट चिकटवला की प्रश्नचिन्हे दिसतात. कन्व्हर्टरमधून त्यांच्या फॉण्टमध्ये न्यावा लागतो. मुद्रितशोधन त्याआधीच उरका. रूपांतर झाल्यावर युनिकोडच्या शुद्धलेखन तपासनिसाला त्यातला एकही शब्द वाचता येत नाही.