एक वॅटचे संगीत, शंभर वॅटचा ठोका

स्पीकरच्या मागे ‘100 वॅट’ असे छापलेले दिसले की तेवढी शक्ती त्याला द्यावीच लागते, असा सर्रास समज आहे. वास्तविक तो आकडा स्पीकरची गरज नव्हे, तर सहनशक्ती सांगतो. अॅम्प्लिफायर निवडताना आधी पाहावी ती संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो ते. घरगुती स्पीकरमध्ये 87 हा आकडा नेहमी आढळतो. तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत मोकळ्या जागेत त्यातले सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात. मात्र दुसरा स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज ही घट बरीच भरून काढतात. त्यामुळे मन लावून ऐकायलाही सरासरी एक वॅट पुरतो.

पण संगीत सरासरीने चालत नाही. ड्रमवरचा एखादा ठोका क्षणभर सरासरीच्या 20 डेसिबल वर जाऊ शकतो, आणि तेवढ्या क्षणापुरती शंभरपट शक्ती लागते. 8 ओहम विद्युतरोधाच्या स्पीकरला 100 वॅट देणारी साइन लहर, म्हणजे एकाच शुद्ध सुराची गोलाईदार लहर, शिखरावर 40 व्होल्टपर्यंत चढते, तर 50 वॅटच्या अॅम्प्लिफायरची मजल साधारण 28 व्होल्टपर्यंतच असते. विद्युत लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मग त्या लहरीचा गोल माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो, हेच क्लिपिंग. त्यातून मूळ सुरात नसलेल्या तिप्पट, पाचपट कंप्रता निर्माण होतात आणि आवाज चिरका होतो. आवाज आणखी वाढवला तर शिखरे तिथेच अडतात, पण खालचे सारे हळू स्वर वर चढत राहतात आणि सरासरी शक्ती वाढत जाते; पूर्ण चौकोनी झालेली लहर तर तेवढ्याच उंचीच्या साइन लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. यातला उच्च स्वरांचा वाढीव वाटा ट्वीटरच्या, म्हणजे उच्च स्वरांसाठीच्या छोट्या स्पीकरच्या, बारीक तारेची गुंडाळी तापवतो आणि अखेर ती जळते. लहान अॅम्प्लिफायर पिळून वापरण्यापेक्षा मोठ्याचा आवाज आवरता ठेवणे अधिक सुरक्षित असते ते यामुळेच.

खोक्यांवर मिरवणाऱ्या ‘पीएमपीओ’च्या, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीच्या, हजारो वॅटांवर मात्र मुळीच विसंबू नये, कारण ते मोजण्याची एकसमान पद्धतच नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, किती, किती ओहमवर आणि मूळ आवाजात किती विकृतीसह, एवढेच विचारावे. शिवाय 50 ऐवजी 100 वॅट घेतल्याने केवळ 3 डेसिबल वाढतात. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेच 3 डेसिबल 50 वॅटमध्येच मिळतात.