निवडणूक देणग्या आणि निवडणुकीचा निकाल : सोलापूरच्या संदर्भात

निवडणूक लढवण्यासाठी उमेदवाराला किंवा राजकीय पक्षाला व्यक्ती, कंपन्या अथवा संघटना यांच्याकडून मिळणारा पैसा, वस्तू वा सेवा यांना निवडणूक देणगी म्हणतात. ज्याच्याकडे निधी जास्त तोच निवडून येतो, अशी समजूत सर्वत्र आढळते; मात्र देणगीदार बहुधा जिंकण्याची शक्यता असलेल्यालाच पैसा देतात, त्यामुळे पैशाने विजय मिळाला की विजयाच्या अंदाजाने पैसा आला, हे केवळ आकडे जुळवून ठरवता येत नाही. गॅरी जेकबसन या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ मध्ये तेथील काँग्रेसच्या (संसदेच्या) निवडणुकांबाबत दाखवून दिले, की विद्यमान सदस्याच्या खर्चापेक्षा त्याला आव्हान देणाऱ्याचा खर्च मतांवर अधिक परिणाम करतो. नव्या उमेदवाराला आपले नाव आधी मतदारांपर्यंत पोहोचवावे लागते, हे त्याचे मुख्य कारण होय.

भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराला अर्ज भरल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतच्या खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. २०२२ पासून महाराष्ट्रात या खर्चाची कमाल मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर न केल्यास उमेदवार ३ वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. उमेदवाराला मिळणाऱ्या नोंदवहीत पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड आणि पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार लिहायचे असतात. खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, गाडी, चहा-नाश्ता यांचे दरपत्रक जिल्हा प्रशासन ठरवते. एखाद्या हितचिंतकाने मंडप फुकट घालून दिला, तरी त्याची किंमत उमेदवाराच्या खात्यात धरली जाते.

इतकी बारकाईची व्यवस्था असूनही तिच्यातील मोठी त्रुटी अशी, की राजकीय पक्षाच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा असा निर्णय दिला; परंतु कायद्यात लगेच दुरुस्ती करून तो निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने पक्षाच्या खर्चाला मिळालेली ही सूट स्टार प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार यांपुरती आखून दिली, तरी मोठ्या पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांच्यातील अंतर त्यामुळे मिटले नाही. शिवाय अर्ज भरण्यापूर्वीचा खर्च हिशेबाबाहेर राहतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सोलापुरात ७ मे रोजी मतदान झाले आणि अर्ज एप्रिलमध्ये भरले गेले. जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात एखाद्या इच्छुकाने शुभेच्छांचे फलक लावले असतील, तर त्यांचा खर्च या नोंदवहीत येण्याचे कारणच उरत नाही.

कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या निवडणूक रोखे योजनेत (बँकेतून रोखे विकत घेऊन ते पक्षाला देणगी म्हणून देता येत) देणगीदाराचे नाव मतदारांपासून गुप्त राहत असे. सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यावर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग होतो म्हणून ही योजना रद्द केली. रोख्यांतून सर्वाधिक निधी भारतीय जनता पक्षाला मिळाला होता.

सोलापूर लोकसभा मतदारसंघाचे निकाल पाहता पैसा आणि विजय यांचे सरळ समीकरण मांडता येत नाही. २०१४ मध्ये केंद्रीय गृहमंत्री असलेले सुशीलकुमार शिंदे भाजपचे शरद बनसोडे यांच्याकडून सुमारे दीड लाख मतांनी पराभूत झाले. २०१९ मध्ये भाजपचेच जयसिद्धेश्वर शिवाचार्य यांनीही शिंदे यांचा साधारण तितक्याच मतांनी पराभव केला. रोख्यांचा तपशील उघड झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या २०२४ च्या निवडणुकीत मात्र काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांना हरवले. देशभरात सर्वाधिक निधी मिळवलेल्या पक्षाला येथे तो पुरेसा ठरला नाही.

विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहरातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्या पक्षाने रोखे स्वीकारले नाहीत आणि रोख्यांविरुद्धच्या याचिकाकर्त्यांतही तो होता. जिल्ह्यातील सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. कामगार संघटना किंवा दुष्काळी तालुक्यातील पाण्याचा लढा यांतून वर्षानुवर्षे उभा राहिलेला संपर्क निधीची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो, असे या दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येते. ज्याच्यामागे अशी संघटना नाही, त्या नव्या उमेदवारापुढील अडचण मात्र अधिक गंभीर आहे. सोलापूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने अनामत रक्कम २५,००० ऐवजी १२,५०० रुपयेच भरावी लागते, पण मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत पसरलेल्या मतदारसंघात गाड्या, कार्यकर्ते आणि मतदान केंद्रांवरील प्रतिनिधी यांचा खर्च त्याला झेपत नाही. म्हणूनच देणग्यांचा खरा प्रभाव मतमोजणीच्या बराच आधी, उमेदवारी कोणाला मिळावी आणि कोणाचे म्हणणे मतदारांच्या कानी पडावे या टप्प्यावर, शोधला पाहिजे.