गरोदरपणातील पित्त आणि कोकणातले घरगुती पाचक

कोकणात पोटाच्या तक्रारीवरचा पहिला इलाज घरातल्या फडताळातच शोधला जातो. आमसुले, ओवा, सुंठ, वावडिंग, हिरड्याची पूड यांच्या बरण्या तेथे असतात, आणि मागच्या परसात किराईत उगवलेले असते. घरातली सून किंवा माहेरपणाला आलेली लेक गरोदर असली, की मळमळ, करपट ढेकर, जळजळ आणि बद्धकोष्ठ यांवर याच बरण्या उघडल्या जातात. औषध झाडापाल्याचे असल्यामुळे त्याने अपाय होणार नाही, असे गृहीतही धरले जाते. यांतले काही उपाय खरोखरच निर्धोक आहेत, काहींची नीट तपासणी झालेली आहे आणि काही गरोदरपणात घरात असूनही हात लावू नयेत असे आहेत. ज्या उपायांबद्दल आजी आणि डॉक्टर यांचे एकमत आहे तेही बरेच आहेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

गरोदरपणात पचन बिघडते ते मुख्यतः संप्रेरकांमुळे. प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण वाढले की गर्भाशयाचा स्नायू शिथिल राहतो, आणि ते आवश्यकच असते. परंतु त्याच संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल पडते आणि आतड्यांची हालचाल मंदावते. त्यामुळे जठरातील आम्ल वर येते, अन्न पोटात रेंगाळते आणि मोठ्या आतड्यात पाणी अधिक शोषले जाऊन मल घट्ट होतो. पुढच्या महिन्यांत वाढलेले गर्भाशय जठराला खालून रेटते, ते वेगळेच. सुरुवातीच्या मळमळीचे कारण मात्र बराच काळ अंधुक होते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मार्लेना फेझो, स्टीफन ओ’राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की गर्भ आणि वार (प्लॅसेंटा) यांतून येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक मेंदूच्या मागील भागावर परिणाम करून मळमळ निर्माण करते, आणि गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रियांच्या रक्तात ते कमी असते त्यांना त्याच्या अचानक वाढीचा त्रास अधिक होतो. ‘हिचे पोटच नाजूक’ किंवा ‘ही फार लाड करून घेते’ असे जे बोलले जाते, त्याला यापुढे तरी आधार राहिलेला नाही.

या तक्रारींवरच्या वनस्पतींमध्ये सर्वांत भक्कम पुरावा आल्याचा आहे. दिवसाला एकूण सुमारे १ ग्रॅम सुंठपूड, तीन-चार वेळांत विभागून, घेतल्यास मळमळ कमी होते, असे अनेक नियंत्रित चाचण्यांतून दिसून आले आहे. उलट्यांच्या संख्येवर मात्र परिणाम तितका ठळक नाही. सुरक्षिततेबद्दल नॉर्वेतील एका मोठ्या पाहणीचा दाखला उपयोगी पडतो. त्यात ६८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गरोदरपणाच्या नोंदी होत्या आणि त्यांपैकी १,०२० स्त्रियांनी आले वापरल्याचे सांगितले होते. या स्त्रियांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे किंवा कमी वजनाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तेव्हा चहात ठेचून टाकलेले आले किंवा गुळाबरोबर घेतलेली चिमूटभर सुंठ याविषयी चिंता करण्याचे कारण नाही. आल्याचा अर्क भरलेल्या कॅप्सूल हा निराळा प्रकार आहे, कारण त्यांत किती ओल्या आल्याचे सत्त्व आटवून भरले आहे हे डब्यावरून क्वचितच कळते. ज्या स्त्रीला रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा इंजेक्शने चालू आहेत, तिने आहारापलीकडचे आले डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आल्याबाबत जे सांगितले तेच बहुतेक मसाल्यांना लागू होते: फोडणीत, आमटीत, भाकरीत जितके पडते तितके अन्न, आणि त्यापुढे काढा, अर्क, तेल किंवा कॅप्सूल म्हणून घेतले की औषध. ओवा याचे चांगले उदाहरण आहे. जेवणानंतर चिमूटभर ओवा चावून खाणे आणि ओव्याचा अर्क थेंबाथेंबाने घेणे यांत वनस्पती एकच असली, तरी ओव्यातील थायमॉल या तीव्र द्रव्याची मात्रा कितीतरी पटींनी बदलते. बडीशेपेचेही तसेच आहे. तिच्यातील एस्ट्रॅगोल हे द्रव्य मोठ्या मात्रेत उंदरांच्या यकृतात कर्करोग निर्माण करते, म्हणून युरोपातील औषध नियामक संस्थेने गरोदरपणात बडीशेपेचा औषधी वापर सुचवलेला नाही. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप खाण्याशी या इशाऱ्याचा संबंध नाही, पण दिवसातून चार वेळा बडीशेपेचा काढा पिणाऱ्या स्त्रीशी आहे. हिंगाविषयी गर्भपाताची भीती जुनी आहे. बाजारातील हिंगात पीठ आणि डिंकच अधिक असतात आणि वरणात पडणारा हिंग नगण्य असतो, तेव्हा ती भीती फोडणीपर्यंत ताणू नये. हिंगाची गोळी करून गिळणे मात्र टाळावे.

आता कोकम. पित्तावर आमसुलाचे सार किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातला ठरलेला उपाय आहे, आणि अंगावर पित्त उठले तर आमसुलाचे पाणी लावण्याचीही पद्धत आहे. अन्न म्हणून कोकम गरोदरपणात घातक असल्याचे काहीही दिसत नाही. परंतु ज्या त्रासाला आपण सरसकट पित्त म्हणतो त्यात दोन निराळ्या तक्रारी असतात. मळमळत असेल, तोंडाला चव नसेल, तर आंबटाने बरे वाटते. छातीत जळजळत असेल, तर आंबट पदार्थ अन्ननलिकेच्या आधीच दुखावलेल्या अस्तराला आणखी झोंबतो. सोलकढीत नारळाच्या रसाची स्निग्धताही असते आणि स्निग्ध अन्न जठरात जास्त वेळ थांबते, त्यामुळे रात्री जेवणावर भरपूर सोलकढी पिऊन लगेच आडवे होणाऱ्या गरोदर स्त्रीची जळजळ वाढली तर नवल नाही. आगळात मीठ भरपूर असते, ही गोष्ट रक्तदाब वाढलेल्या स्त्रीने विसरू नये. अमृत कोकमात साखर असते, ती गरोदरपणातील मधुमेह असलेल्या स्त्रीने. कोकमाच्या जातकुळीतल्या गार्सिनियाच्या अर्काच्या वजन घटवण्याच्या कॅप्सूल मिळतात. त्यांच्या वापरानंतर यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि आमसुलाशी त्यांचे नाते सांगून त्या कोणी खपवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

कोकणातील पुष्कळ घरांत आणखी एक बाटली असते. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात, आणि त्या द्रवाचे दोन-तीन थेंब बत्ताशावर किंवा साखरेवर घेतले की पोटदुखी थांबते, असा अनुभव सांगितला जातो. यालाच अमृतधारा म्हणतात. यातील कापूर हे मज्जासंस्थेला विषारी द्रव्य आहे, जास्त प्रमाणात पोटात गेल्यास झटके येतात, आणि ते वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. गरोदर असल्याचे कळण्यापूर्वी कोणी एकदा दोन थेंब घेतले असतील तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बाटलीतून थेंब मोजून पडत नाहीत, आणि शेजारी लहान मूल असते. ही बाटली गरोदर बाईच्या घरात नसलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बद्धकोष्ठावरील उपायांत सर्वांत जास्त गफलत होते. एरंडेल घेतल्याने पोट साफ होते, तसेच कळाही येऊ शकतात, हे सुईणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि दिवस भरल्यावर कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची प्रथाही त्यातूनच आली. त्यामागची यंत्रणा २०१२ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून उलगडली: एरंडेलातून सुटणारे रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरील एकाच प्रकारच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, त्यामुळे जे आतड्याला आकुंचित करते तेच गर्भाशयालाही करते. म्हणून एरंडेल दिवस भरण्यापूर्वी तर घेऊच नये आणि भरल्यानंतरही घरच्या घरी घेऊ नये. हिरड्याबाबत तर शास्त्रीय प्रयोगशाळेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात हिरडा कोणी खाऊ नये याची यादी आहे आणि तीत गर्भवती स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही त्रिफळा चूर्णात हिरडा असतो आणि ते ‘सौम्य, कोणालाही चालते’ म्हणून दिले जाते. आयुर्वेदाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी आयुर्वेदात नसतात. सोनामुखी आतड्याला डिवचून काम करते; तिचे शोषण फारसे होत नसले तरी ती पहिला उपाय नव्हे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोजचा तर नव्हेच. कोरफडीच्या पानाच्या सालीलगतचा पिवळा कडू चीकही याच जातीचा, अधिक तीव्र रेचक आहे.

यांच्या उलट इसबगोल रक्तात शोषले जात नाही, फक्त पाणी धरून ठेवून मल मऊ करते, आणि गरोदरपणात ते निश्चिंतपणे घेता येते, मात्र बरोबर पेलाभर पाणी प्यायला हवे. हे सांगणे महत्त्वाचे अशासाठी, की सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांमुळे (प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक घ्यायची असते) शौच काळे आणि घट्ट होते, आणि त्यामुळे गोळ्याच बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. बद्धकोष्ठावर इसबगोल, पाणी, लाल माठ-वालाच्या शेंगा-केळी यांसारखा आहार आणि थोडे चालणे हा उपाय करावा, आणि गोळी सोडू नये.

किराईत आणि वावडिंग यांना मी स्वतंत्र परिच्छेद देतो, कारण या दोन वनस्पती कोकणात फार सहजपणे वापरल्या जातात. पावसाळ्यानंतर घरोघरी जो कडू काढा दिला जातो त्यातील किराईत बहुधा परसातले म्हणजे अँड्रोग्रॅफिस या वनस्पतीचे असते. हिमालयातले काडेचिराईत ही अगदी वेगळी वनस्पती आहे. अँड्रोग्रॅफिसमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम झाल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींविषयी प्रसिद्ध केलेल्या माहितीतही ती गरोदरपणात वर्ज्य सांगितली आहे. वावडिंग जंतांवर आणि पोट फुगण्यावर दिले जाते. तेच वावडिंग पिंपळी आणि टाकणखार यांच्याबरोबर संततिप्रतिबंधक म्हणून आयुर्वेदात सांगितलेले आहे आणि त्या योगाचा भारतात तसा अभ्यासही झालेला आहे. गर्भ राहू नये म्हणून अभ्यासलेली वनस्पती गर्भ राहिल्यावर पोटदुखीसाठी देण्यात शहाणपणा नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो: आमच्या आईने, आजीने हेच घेतले आणि मुले धडधाकट झाली. या अनुभवाला किंमत आहे, पण तो काय दाखवू शकतो आणि काय नाही हे पाहिले पाहिजे. एखाद्या औषधाने दुसऱ्याच दिवशी रक्तस्राव झाला तर तो परंपरेच्या लक्षात राहतो, एरंडेलाचा गुण तसाच लक्षात राहिला. परंतु लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्के एरवीही टिकत नाहीत, आणि शंभरांतील दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात व्यंग असतेच. एखाद्या काढ्याने हे प्रमाण थोडेसे वाढवले, तर ते एका वाडीतल्या, एका सुईणीच्या आयुष्यभराच्या अनुभवातही दिसणार नाही. त्यासाठी हजारो स्त्रियांच्या नोंदी लागतात. आणि उशिरा दिसणारे परिणाम तर मुळीच जोडले जात नाहीत. ज्येष्ठमधाचे पाहा. घसा आणि आम्लपित्त या दोन्हींवर ते दिले जाते. त्यातील ग्लिसिरायझिन वारेतील असे एक विकर (एन्झाइम) मंदावते, जे आईच्या रक्तातील ताणाच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकापासून गर्भाचे रक्षण करते. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई फार खाल्ली जाते; तेथे आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक ग्लिसिरायझिन घेणाऱ्या मातांच्या मुलांची बुद्धिमापन चाचण्यांतील कामगिरी अनेक वर्षांनंतर कमी आढळली. हा निरीक्षणांवर आधारलेला निष्कर्ष आहे, कार्यकारणाचा अखेरचा पुरावा नव्हे. तरी ज्येष्ठमधाने आईचा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते हे निश्चित आहे, तेव्हा गरोदरपणात ते टाळण्यात काहीच गमावत नाही.

वनस्पती निर्धोक असूनही पुडी निर्धोक नसते, असेही घडते. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांना भारतातून आणलेल्या अशा औषधांमुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद तेथील आरोग्य विभागाने केली. शिसे वार ओलांडते आणि गर्भाच्या मेंदूवर परिणाम करते. ज्या पुडीवर घटक, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नाही ती घेऊ नये, आणि ज्यात भस्म (धातू वा खनिज भाजून केलेली पूड) आहे ते पाचक गरोदरपणात घेऊच नये.

मळमळ आटोक्यात येत नसेल तर डॉक्सिलामीन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची गोळी डॉक्टर देतात. गरोदरपणातील वापराबाबत इतका अभ्यास झालेली औषधे थोडीच आहेत, आणि अर्ध्या माहितीच्या काढ्यापेक्षा ती केव्हाही अधिक खात्रीची आहे. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल तर शिरेतून सलाइन द्यावे लागते, आणि त्या अवस्थेत सुंठ चाटवत बसण्यात वेळ जातो.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाच्या विषारीपणात नसतो; गंभीर आजाराला पित्त समजून वेळ घालवण्यात असतो. पाचव्या महिन्यानंतर पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बरगडीखाली, दुखू लागले आणि त्याबरोबर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे यांतले काही असले, तर ते गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या विकाराचे लक्षण असू शकते. यकृत सुजल्यामुळे ते दुखणे थेट पित्तासारखे भासते. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेलेला असतो आणि ओव्याने तो उतरत नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या ई प्रकारच्या काविळीची सुरुवातही मळमळ, अन्नावरची वासना जाणे आणि पोट जड वाटणे अशीच होते. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात, आणि कोकणात काविळीवर झाडपाल्याचे औषध देणारे गावोगाव असल्यामुळे दवाखान्यात पोहोचण्यात मोलाचे दिवस जातात. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तोपर्यंत काय काय घेतले ते डॉक्टरांना सांगावे आणि घरातली पुडी, बाटली किंवा काढ्यात घातलेल्या झाडाची डहाळीही बरोबर न्यावी. काय पोटात गेले हे कळले तर उपचार ठरवणे सोपे जाते, आणि त्यासाठी कोणी रागावणार असेल, तर रागावू द्यावे.